पीजीच्या समित्यांनी वर्षाची कामं आधी का ठरवावीत?

एम.ए., एम.कॉम. किंवा एम.एस्सी.ला शिकणाऱ्या मुलामुलींचा विद्यापीठाशी संबंध येतो तो परीक्षा विभागाच्या खिडकीवर. निकाल कधी लागणार, मार्कमेमोवरचं नाव कधी दुरुस्त होणार, टीसी कधी मिळणार. पण निकाल का लांबतो, तालुक्याच्या कॉलेजात भूगोलाचं पीजी का नाही, गाईड निवृत्त झाल्यावर पीएच.डी.चं काय होणार, याची उत्तरं खिडकीमागच्या क्लार्ककडे नसतात. ती विद्यापीठाच्या समित्यांमध्ये ठरतात. या समित्या वर्षातून ठरावीक वेळाच बसतात. त्या बैठकांचा वेळ कशावर जाणार हे आधी विचार करून ठरवलं, तर हजारो मुलांचं वर्ष वाचू शकतं. ठरवलं नाही, तर वेळ ज्याच्या फाईली पुढे येतात त्याच्यावर जातो.

हा विषय कोरडा वाटतो हे मला माहीत आहे. पण मराठवाड्यात घरातलं पहिलंच पोर एम.ए.पर्यंत पोचलेलं असतं, त्याच्यासाठी आईबापांनी दोन एकरांच्या सोयाबीनवर किंवा ऊसतोडीच्या कोयत्यावर पैसे उभे केलेले असतात. अशा घराला विद्यापीठाच्या बैठकीत काय ठरतं हे कळलंच पाहिजे.

आधी, कोण काय ठरवतं

महाराष्ट्रातली अनेक सरकारी विद्यापीठं 'महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६' या कायद्यानं चालतात. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला. मराठवाड्यात या कायद्याखाली दोन मोठी विद्यापीठं येतात. छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ ला सुरू झालं. त्याआधी इथल्या कॉलेजांचा कारभार हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेला होता. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ चं. पहिल्याकडे संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव; दुसऱ्याकडे नांदेड, परभणी, हिंगोली आणि लातूर. परभणीचं कृषी विद्यापीठ वेगळ्या कायद्याखाली येतं, त्यामुळे ते इथे बाजूला ठेवू.

कायद्यानं विद्यापीठात अनेक 'प्राधिकरणं' नेमली आहेत. अधिसभा, म्हणजे सिनेट, ही सगळ्यात मोठी. बजेट आणि वार्षिक अहवाल तिच्यापुढे येतात. व्यवस्थापन परिषद पैसा आणि प्रशासन बघते. कुलगुरूंच्या अध्यक्षतेखालची विद्या परिषद अभ्यासक्रम आणि दर्जा बघते. चार विद्याशाखा, प्रत्येकीला एक अधिष्ठाता, म्हणजे डीन, आणि त्याखाली विषयावार अभ्यास मंडळं, ज्यांना सगळे बीओएस म्हणतात. त्याशिवाय पदव्युत्तर शिक्षणाशी थेट संबंध असलेली मंडळं आहेत: विद्यापीठाच्या आवारातल्या विभागांसाठी एक, संलग्न महाविद्यालयांतल्या पदव्युत्तर शिक्षणासाठी एक, संशोधनासाठी एक, परीक्षा आणि मूल्यमापनासाठी एक. पीएच.डी.च्या विषयाला मान्यता देणारी आरआरसी आणखी वेगळी.

ही नावं पाठ करायची गरज नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे की विद्यार्थ्याची एक अडचण चार-पाच टेबलांवर वाटली गेलेली असते. एम.ए.च्या प्रकल्पाचंच घ्या. त्याला किती श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, हे वरून ठरतं, त्याचा आराखडा अभ्यास मंडळ करतं, मार्गदर्शन करणारा प्राध्यापक आहे की नाही हे पदभरतीवर ठरतं, तोंडी परीक्षेची तारीख परीक्षा मंडळ देतं. एका समितीनं 'यंदा प्रकल्प सुधारू' म्हटलं आणि बाकीच्यांना त्याचा पत्ताच नसला, तर काही हलत नाही.

बैठकीचा अजेंडा कसा भरतो

नमुन्यादाखल पदव्युत्तर शिक्षणाच्या अशा एखाद्या मंडळाची बैठक बघा. पहिला विषय, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. दुसरा, त्यावरचा कृती अहवाल वाचणे. मग एकामागून एक प्रस्ताव: अमुक कॉलेजला एम.कॉम.ची संलग्नता पुढे चालू ठेवणे, तमुक कॉलेजची प्रवेशक्षमता वाढवणे, चौकशी समितीचा अहवाल स्वीकारणे, गाईड म्हणून मान्यता देणे, केंद्राचं नाव बदलणे. शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय'. सकाळी सुरू झालेली सभा जेवणापर्यंत संलग्नतेतच असते. ऐनवेळच्या विषयांपर्यंत येईस्तोवर लांबून आलेल्या सदस्यांचं लक्ष गाडीच्या वेळेकडे लागलेलं असतं. किनवटहून नांदेडला किंवा आष्टीहून संभाजीनगरला आलेल्या माणसाला अंधार पडायच्या आत निघावंच लागतं.

यातला एकही विषय बिनकामाचा नाही. कॉलेजला संलग्नता वेळेत मिळाली नाही तर तिथल्या मुलांचे प्रवेश अडतात. पण प्रत्येक प्रस्तावामागे कोणीतरी उभं असतं. संस्थाचालक, प्राचार्य, गाईड होऊ इच्छिणारा प्राध्यापक, प्रत्येकाची फाईल असते आणि तिचा पाठपुरावा करणारा माणूस असतो. याउलट, पीएच.डी.चं पाचवं वर्ष चालू असलेली आणि गाईडची पुढच्या मार्चला निवृत्ती असलेली विद्यार्थिनी मंडळाला फाईल पाठवत नाही. ऑक्टोबरात आईबापांसोबत ऊसतोडीला गेलेला आणि तिसऱ्या सत्राची हजेरी गमावलेला एम.ए.चा मुलगाही पाठवत नाही. मग त्यांचा विषय कार्यसूचीवर येणार कसा?

प्राधान्यक्रम ठरवण्याचं कारण एवढंच आहे. ज्या प्रश्नामागे फाईल घेऊन फिरणारं कोणी नाही, त्याला कार्यसूचीवर आधीच जागा राखून ठेवायची.

इच्छा वेगळी, प्राधान्य वेगळं

'संशोधनाची गुणवत्ता वाढवणे', 'विद्यार्थीकेंद्री वातावरण निर्माण करणे', 'राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची प्रभावी अंमलबजावणी' अशा ओळी वार्षिक अहवालात भरपूर सापडतात. त्यांना कोणी विरोध करणार नाही, आणि अडचण तिथेच आहे. ज्या ओळीला कोणीच विरोध करत नाही ती कुठलीही निवड करत नाही. वर्ष संपल्यावर ती पूर्ण झाली की राहिली, हेही सांगता येत नाही.

आता तीच इच्छा कामाच्या भाषेत लिहून बघा. 'नोंदणीला चार वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्या पीएच.डी. विद्यार्थ्यांची विषयवार यादी संशोधन विभागानं ३१ जानेवारीपर्यंत मंडळापुढे ठेवावी. ज्यांचे गाईड येत्या दोन वर्षांत निवृत्त होत आहेत, त्यांच्यासाठी संबंधित अधिष्ठात्यांनी मार्चच्या बैठकीत पर्यायी गाईड सुचवावेत.' यात काम आहे, करणारा माणूस आहे, तारीख आहे आणि पुढच्या बैठकीत विचारता येईल असा प्रश्न आहे. शोभेचा एक शब्द नाही, पण एखाद्या मुलीची पाच वर्षांची मेहनत यानं वाचू शकते.

हे उदाहरण मी मुद्दाम निवडलं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएच.डी.चे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये बदलले. त्यानुसार पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे. एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या प्राध्यापकाला नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. गाईड कायम नोकरीतलाच हवा, म्हणजे तासिका तत्त्वावर, सीएचबीवर, शिकवणारा प्राध्यापक कितीही विद्वान असला तरी गाईड होऊ शकत नाही. ज्या विषयात कायम पदं रिकामी आणि ज्येष्ठ मंडळी निवृत्तीच्या उंबरठ्यावर, तिथे पुढं काय होणार हे कागदावर आजच दिसतं. सेवापुस्तकात जन्मतारखा आहेत, नोंदणीच्या तारखा संशोधन विभागात आहेत. दोन याद्या शेजारी ठेवल्या की अडचण कुठल्या विषयात आणि कुठल्या महिन्यात येणार हे कळतं. दोन वर्षं आधी जे साध्या ठरावानं मिटलं असतं, त्यासाठी नंतर मुलांना अर्ज-विनंत्या करत फिरावं लागतं, आणि तेव्हा कोणाच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं.

जूनमध्ये ठरवलं तर उशीर झालेला असतो

शैक्षणिक वर्ष जून-जुलैत सुरू होतं, म्हणून वर्षाची कामंही तेव्हाच ठरवावीत असं सहज वाटतं. पण विद्यापीठाचा पैसा एप्रिल ते मार्च या वर्षात चालतो. बजेट मार्चच्या सुमारास अधिसभेपुढे येतं आणि विभागांच्या मागण्या त्याच्या दोन-तीन महिने आधी गोळा होतात. समितीनं जूनमध्ये ठरवलं की यंदा प्रकल्पांसाठी तालुक्याच्या केंद्रांवर ग्रंथालयाची सोय वाढवायची, तर पैसा पुढच्या एप्रिलशिवाय मिळत नाही. मृग बरसल्यावर बी-बियाण्यासाठी सावकार शोधायला निघण्यासारखं ते आहे. नव्या अभ्यासक्रमांचंही तसंच: अर्ज, चौकशी, विद्यापीठाची शिफारस आणि शासनाची मंजुरी या पायऱ्या आदल्या वर्षीच चढाव्या लागतात.

म्हणून येत्या वर्षाची कामं ठरवायची योग्य वेळ नोव्हेंबर-डिसेंबर. दिवाळी झालेली असते, पहिलं सत्र कसं गेलं याचे आकडे हातात येऊ लागलेले असतात आणि बजेटच्या मागण्या अजून गेलेल्या नसतात. त्या एका बैठकीत संलग्नतेचे प्रस्ताव घ्यायचेच नाहीत, एवढा निर्णय अध्यक्षांनी घेतला तरी मोठा फरक पडेल.

इथे एक गल्लत टाळायला हवी. कायद्याप्रमाणे विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावा लागतो, आणि त्यावरून वार्षिक आराखडा. कुठल्या तालुक्यात कुठलं कॉलेज, कुठला अभ्यासक्रम हवा, हे त्यात येतं. बरेच सदस्य तोच प्राधान्यक्रम समजतात. पण तो नव्या जागांचा नकाशा आहे. जे कोर्स आधीच चालू आहेत आणि ज्यांत मुलं बसलेली आहेत, तिथं काय सुधारायचं हे त्यात येत नाही.

येत्या वर्षासाठी मी काय निवडेन

निकाल हा विषय मी पहिला घेईन, पण त्यावर फार बोलणार नाही, कारण नियम स्वच्छ आहे. शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत निकाल लावावा, असं २०१६ चा कायदाच सांगतो. पीजीच्या प्रत्येक विषयाचा निकाल कितव्या दिवशी लागला याचा एक तक्ता, परीक्षा संपल्यावर दोन महिन्यांनी मंडळापुढे. एवढंच. उशीर पेपर तपासणीत होतो, की कॉलेजांकडून अंतर्गत गुण येण्यात, की संगणकात, हे तक्त्यावरून लगेच दिसतं आणि मग नेमकं तिथेच बोट ठेवता येतं.

दुसरा विषय प्रकल्प आणि ओजेटीचा, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंगचा, आणि मराठवाड्यात मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यात पीजीचा ढाचा २०२३-२४ पासून बदलला. दोन वर्षांत ८८ श्रेयांक, दर सत्राला २२. त्यात संशोधन पद्धतीचे चार, दुसऱ्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रीय प्रकल्पाचे चार, तिसऱ्या सत्रात संशोधन प्रकल्पाचे चार आणि चौथ्यात सहा. म्हणजे पदवीचा मोठा हिस्सा आता वर्गाबाहेर मिळवायचा आहे. कल्पना चांगली आहे, मी मनापासून तिच्या बाजूनं आहे. पण समजा, तालुक्याच्या कॉलेजात एम.ए. इतिहासाला २४ मुलं आहेत, कायम प्राध्यापक दोन आणि बाकी सीएचबीवर. त्या दोघांवर पदवीचे तासही आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला बारा प्रकल्प येतात. प्रत्येक मुलाला आठवड्यात अर्धा तास द्यायचा म्हटलं तरी सहा तास लागतात, आणि ते त्यांच्या कार्यभारात धरलेले आहेत का, हा पहिला प्रश्न. नसतील, तर प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार होतील. त्याला मुलाला दोष देऊन भागणार नाही.

ओजेटीचे चार श्रेयांक म्हणजे साधारण १२० तासांचं काम. पुण्या-मुंबईत कंपन्या आहेत. संभाजीनगरजवळ वाळूज, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहती आहेत, जालन्यात स्टीलचे कारखाने आणि बियाणं कंपन्या आहेत. पण बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या एम.ए. मराठीच्या मुलीनं हे तास कुठे भरायचे? समितीनं ठरवलं तर जागा भरपूर आहेत. अंबाजोगाई ही मुकुंदराजांची आणि दासोपंतांची. तिथल्या हस्तलिखितांच्या नोंदी करणं हे मराठीच्या विद्यार्थ्याचं अस्सल काम आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला लामतुरे संग्रहालय आहे, सातवाहनकालीन वस्तूंचं. इतिहासाच्या मुलांनी तिथल्या वस्तूंची सूची करावी. लातूरच्या बाजार समितीत तूर-सोयाबीनची आवक आणि भाव रोज लिहिले जातात. एम.कॉम.च्या मुलानं महिनाभर आडतीवर बसून दर कसा फुटतो हे नोंदवलं, तर ते कुठल्याही ऑफिसातल्या इंटर्नशिपला भारी पडेल. ग्रामपंचायतींची जुनी दप्तरं, नगरपालिकांची ग्रंथालयं, सहकारी बँका, पाणलोटाची कामं, यादी लांबवता येईल.

पण एकेकटं कॉलेज हे जुळवू शकत नाही. संग्रहालयाला पत्र, बाजार समितीशी करार, मुलींच्या येण्याजाण्याची सोय, काम झाल्याचा दाखला कोण देणार, गुण कसे द्यायचे, हे विद्यापीठानं एकदा नीट बसवलं तर शंभर कॉलेजांना उपयोगी पडेल. जिल्ह्यागणिक ओजेटीच्या जागांची यादी जानेवारीपर्यंत तयार, हा मी प्राधान्याचा विषय करेन. आणि हे तास ऊसतोडीच्या हंगामानंतर, उन्हाळ्यात भरण्याची मुभा द्यावी. धारूर, वडवणी, शिरूर कासार भागातल्या कॉलेजांत शिकवणाऱ्या कोणालाही विचारा, दिवाळीनंतर बाकं कशी रिकामी होतात ते.

तिसरा विषय अजून दूर वाटतो, पण तोच आत्ता घ्यायला हवा. संलग्न कॉलेजांत पदवीचा नवा ढाचा २०२४-२५ पासून लागला. त्यातली जी मुलं चौथं वर्ष पूर्ण करतील ती २०२८ मध्ये बाहेर पडतील आणि त्यांना एका वर्षात पीजी करता येईल. तीन वर्षांवर थांबलेल्यांसाठी पीजी दोन वर्षांचंच राहील. स्वायत्त कॉलेजांची पहिली तुकडी तर वर्षभर आधीच येईल. म्हणजे एकाच वर्गात दोन वाटांनी आलेली मुलं असतील. जागा कशा वाटायच्या, गुणवत्ता यादी एक की दोन, वसतिगृह कोणाला, आणि ज्या तालुक्यांत चौथं वर्ष चालवायला प्राध्यापकच नाहीत तिथली मुलं मागं तर पडणार नाहीत? अभ्यास मंडळांना अभ्यासक्रम बदलायला वर्ष लागतं, मंजुरीला आणखी एक. यंदा याची साधी आकडेमोड, कुठल्या कॉलेजात चौथं वर्ष सुरू होऊ शकतं एवढी जरी मंडळानं मागवली, तरी सुरुवात होईल.

पीएच.डी.च्या याद्यांचं काम वर आलंच आहे. ते धरून चार झाली. यापुढे मी जाणार नाही. मंडळ वर्षातून मोजक्या वेळा भरतं, आणि प्रत्येक विषयाला निदान दोन बैठकांत वेळ हवा: एकदा आकडे बघायला, एकदा निर्णय घ्यायला.

जे यंदा घ्यायचं नाही, तेही लिहायचं

निवड करताना दुखावणारा भाग हाच. पदव्युत्तर केंद्रांची वाढ, परदेशी विद्यापीठांशी करार, नवी प्रमाणपत्रं, हे सगळं कोणाच्या ना कोणाच्या जिव्हाळ्याचं असतं. ते कायमचं नाकारायचं नाही, पण 'यंदा मंडळ स्वतःहून यावर वेळ देणार नाही' असं इतिवृत्तात लिहिलेलं बरं. त्यामुळे पुढच्या वर्षी कोणता विषय रांगेत आहे हे कळतं, आणि ऐनवेळच्या विषयांतून तो मागच्या दारानं आत येत नाही.

निवडीसाठी महागडी सर्वेक्षणं लागत नाहीत. परीक्षा विभाग, संशोधन विभाग, शिष्यवृत्तीचा कक्ष आणि विद्यार्थी विकास विभाग यांच्याकडे तक्रार अर्जांच्या फाईली पडून असतात. गेल्या वर्षात पीजीच्या मुलांनी सगळ्यात जास्त अर्ज कशासाठी केले, हे त्या चार टेबलांवर आठवडाभरात मोजता येतं. त्यात फक्त जिल्हा आणि मुलगा-मुलगी हे दोन रकाने वाढवावेत. आष्टीच्या मुलाची अडचण आणि संभाजीनगरच्या वसतिगृहात राहणाऱ्याची अडचण एक नसते. सरासरी काढली की लांबचा मुलगा तिच्यात हरवतो.

विचारायचं कोणाला

अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा सदस्य निवडून जातात. प्राचार्यांचे आणि अध्यापकांचेही दहा-दहा. आपल्याकडे निवडणुकीच्या वेळी पदवीधरांची नोंदणी करून घ्यायला कार्यकर्ते घरापर्यंत येतात, आणि निकाल लागला की आपण तो विषय सोडून देतो. त्या सदस्यांना अधिसभेत प्रश्न विचारता येतात, आणि बजेटच्या सभेआधीच ते लेखी द्यायचे असतात. तुमच्या भागातल्या सदस्याला डिसेंबरात गाठा. पदव्युत्तर शिक्षणाच्या मंडळानं येत्या वर्षासाठी कोणती कामं ठरवली, प्रत्येकाची जबाबदारी कोणाकडे आणि बजेटच्या कोणत्या शीर्षाखाली किती रक्कम मागितली, एवढे तीन प्रश्न त्यांच्या हातात द्या. इतिवृत्ताची प्रत माहितीच्या अधिकारातही मागता येते, आणि दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला त्यासाठी शुल्क पडत नाही.